मागच्या रांगांना विनंती

गाणं रंगलं की नाही, हे मला लोकांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूवरून कळतं. यात बढाई काही नाही. चौतीस वर्षं मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे, दाराशेजारी टेबल मांडून बसलो. गाणारा माझ्यापासून सगळ्यात लांब आणि मधे दोन-तीनशे पाठमोरी डोकी. टकलं, अंबाडे, गजरे, थंडीत कानटोप्या. डोकी एका लयीत डोलायला लागली की समजायचं, जमलं. मान खाजवायला हात वर जायला लागले की समजायचं, आलाप लांबला. माणूस तोंडाने खोटं बोलू शकतो, पण मानेच्या मागच्या भागाला ते अजून साधलेलं नाही.

मी पेणचा साउंडवाला. माइकवाला म्हणालात तरी चालेल, निम्मं गाव तेच म्हणायचं. जन्म रोह्याचा. वडील तिथे रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली मी सोल्डरिंग शिकलो आणि लग्नानंतर पेणला येऊन स्वतःचा धंदा थाटला. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नोटीस दिली, तेव्हा मिक्सर, माइक आणि केबलींची भेंडोळी भाच्याच्या हवाली करून मोकळा झालो. या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, इतकी वर्षं गाणी ऐकलीत, तर गाण्यावर लिहा. बाई, गाण्यातलं मला बेताचंच कळतं. टाळ्यांतलं कळतं, तेवढं लिहितो.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लग्नाचा आणि वाढदिवसाचा साउंड वेगळा, शास्त्रीय गाण्याचा वेगळा. लग्नात आवाज मोठा पाहिजे आणि तो सोसायटीच्या दुसऱ्या टोकाला पोचला पाहिजे. शास्त्रीय गाण्यात साउंडवाला बसलाय हे कोणाला कळता कामा नये. गायकाला एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्याला एक. गायकासमोर एक छोटा स्पीकर उलटा ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. त्यातून गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. गायक सारखा बोटाने खूण करतो, 'हा वाढवा'. तबलजीही खूण करतो, 'माझा वाढवा'. दोघांचं ऐकलं की माइक शिट्टी मारतो आणि मग सगळं सभागृह मागे वळून माझ्याकडे बघतं. चौतीस वर्षांत लोकांची तोंडं मला दिसली ती बहुतेक अशाच प्रसंगांना.

एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. शेवटचा सूर संपला की एका श्वासात सगळे माइक बंद करायचे. कारण गाणं संपल्यावर कलाकार मोकळे होतात. गायक पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवतो आणि माइकला कोपर लागतं. तबलजी हातोडी खाली ठेवतो. माइक चालू असेल तर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि सुंदर झालेल्या भैरवीचा शेवट बांधकामाच्या जागेसारखा होतो. म्हणून टाळ्या पडत असतात तेव्हा साउंडवाल्याची मान खाली असते. बटणं बघायची, गाणाऱ्याकडे बघायचं नाही. या नियमाचा मला अभिमान होता.

आता टाळ्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणं आवडलं की टाळ्या वाजवायच्या, यात काय मोठं शास्त्र आहे. पण आमच्याकडे पेणला एक पद्धत, पस्तीस-चाळीस किलोमीटर खाली रोह्याला दुसरी आणि खाडीकडच्या गावांत तिसरीच.

पेणच्या संगीत मंडळात पुढच्या तीन रांगा म्हणजे शिक्षक, वकील, डॉक्टर आणि निवृत्त मंडळी. यांच्या आजोबांनी घरच्या ओटीवर बैठका ऐकलेल्या. यांच्या लेखी टाळी म्हणजे थोडा उथळपणा. समेवर हात हवेतून अलगद खाली आणायचा, 'आहा' म्हणायचं ते शेजाऱ्याला ऐकू येईल इतपत. फारच आवडलं तर डोळे मिटून मान नकारार्थी हलवायची. नवख्या गायकाला वाटतं, यांना आपलं गाणं पसंत नाही. रागाच्या शेवटी हे लोक टाळ्या वाजवतात, पण त्या कशा, तर एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तीन-चारदा टेकवायची. पापड भाजल्यावर राख झटकतात तशा. मंडळाचे सचिव दामले सर. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेले. ते तर म्हणायचे, "टाळ्या शेवटी एकदाच. मधे वाजवल्या तर पुढची जागा वाहून जाते." जागा म्हणजे गायकाने घेतलेली एखादी नाजूक हरकत. सरांचं म्हणणं माझ्या धंद्याच्या दृष्टीने खरंच होतं, कारण दोनशे माणसांच्या टाळ्यांपुढे माझ्या कुठल्याही माइकचं काही चालत नाही.

रोह्याकडे धाटावच्या कंपन्यांचं एक क्लबहाउस आहे. तिथल्या श्रोत्यांत निम्मे बाहेरून आलेले अधिकारी आणि निम्मे कामगार. अधिकारी जिथे थांबावं तिथे हमखास टाळ्या वाजवायचे. गायिकेने तानपुरा जुळवला, टाळ्या. तबलजीने तबला ठोकून सुरात आणला, टाळ्या. एकदा एक साहेब आलाप संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. साहेब उभे म्हटल्यावर त्यांच्या हाताखालचे सगळे उभे. गायिका बिचारी ख्याल सुरू करायच्या बेतात होती. तिला वाटलं लोक निघाले, म्हणून तिने भैरवी घेऊन टाकली.

त्याच क्लबहाउसमधला आणखी एक रविवार. सकाळी दहाला कार्यक्रम सुरू झाला, पाहुणे गायक बाहेरगावचे, नाव मोठं. दुपारी दोनच्या सुमारास विलंबित ऐन भरात असताना मागच्या सहा रांगा एकदम उठल्या. दुसऱ्या शिफ्टची बस सव्वादोनला सुटायची. जाताना प्रत्येकाने दाराशी थांबून स्टेजकडे बघत हात जोडले आणि चपला घातल्या. गायकांना ते हात जोडणं दिसलं नाही, उठणं दिसलं. त्यांनी गाणं तिथेच थांबवलं आणि "आपल्याला रस नसेल तर" असं काहीतरी सुरू केलं. शेवटी मीच मधल्या वाटेने पुढे गेलो आणि स्टेजला टेकून हळू सांगितलं, "बुवा, बस आहे. नाही गेले तर गैरहजेरी लागते." त्यांनी दाराकडे नजर टाकली. मग म्हणाले, "असं का, मग पुढच्या वेळी मला नऊला बसवा." पुढच्या वर्षी ते खरोखर नऊला बसले. मोठा माणूस.

एक तबलजी होता, त्याचं नाव नको. त्याला प्रत्येक तिहाईला टाळी लागायची. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. टाळी पडली नाही की हा मान वर करून श्रोत्यांकडे बघायचा आणि तीच तिहाई पुन्हा घ्यायचा. पेणच्या पुढच्या तीन रांगांनी त्याला एका संध्याकाळी सात वेळा ती घ्यायला लावली. 'आहा' म्हणत होते, पण टाळी काही देईनात. कार्यक्रमानंतर तो मला म्हणाला, "तुमच्याकडे माणसं आहेत की पुतळे?"

खाडीकडच्या गावांत मात्र गोष्टच वेगळी. मिठागरांवर कामाला जाणारी, भातशेती करणारी माणसं. त्यांच्या भजनांना आणि डबलबारीला मी पुष्कळदा गेलोय. दोन बुवा समोरासमोर बसून गातात, सवाल-जवाब करतात. तिथे टाळी ही शाबासकी नसते. गजर चढायला लागला की म्हाताऱ्यांपासून सगळे हाताने ठेका धरतात. टाळी वाजवणं म्हणजे गाण्यात आपणही आहोत हे सांगणं. न वाजवणारा माणूस तिथे रुसलेला तरी असतो किंवा परगावचा. त्या टाळ्यांसाठी मी तिथे मुद्दाम पखवाजाचा माइक वाढवून ठेवायचो, म्हणजे लोकांना लय सापडायची.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

रंजना ही अशाच एका खाडीकाठच्या गावातली. तिचे वडील काशिनाथदादा मिठागरावर काम करायचे आणि गावच्या भजनात पहिली चाल त्यांची. मुलीचा गळा चांगला म्हणून मंडळाच्या गाण्याच्या क्लासला त्यांनी तिला पेणला धाडलं. तो क्लास आमचे मास्तर चालवायचे. मास्तर फार कडक. रंजना त्यांच्याकडे बारा वर्षं शिकली, एसटीने ये-जा करून. एकदा मास्तर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "हिला माइक कमी दे. हिचा आवाज माइकला शिकवेल." मास्तर कोणाबद्दल असं बोलत नसत.

मास्तर वारले. क्लास बंद ठेवायचा नाही हे मंडळात ठरलं, पण चालवायचा कोणी? दोन नावं होती. एक रंजना आणि दुसरे पनवेलचे एक गृहस्थ, जे आठवड्यातून एकदा येऊन शिकवायला तयार होते. रंजनाच्या बाजूने तीन-चार जण होते, काही जण 'बघू' म्हणत होते. शेवटी दामले सरांनी तोड काढली. मास्तरांच्या स्मरणार्थ रविवारी सकाळी सभा करायची, पहिली बैठक रंजनाला द्यायची, आणि सर म्हणाले, "श्रोत्यांचा प्रतिसाद पाहू आणि ठरवू." हे रंजनालाही सांगण्यात आलं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिला दुसरं काहीच करायचं नव्हतं.

याला आता नऊ वर्षं झाली.

सकाळी साडेनऊला तिच्या गावाहून दोन टेम्पो आले. चाळीसेक माणसं, बायका नव्या लुगड्यांत, पुरुष टोप्या घालून. काशिनाथदादा सगळ्यांच्या पुढे. सभागृहात शिरल्यावर त्यांनी स्वतःच सगळ्यांना मागच्या चार रांगांत बसवलं. म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात. मी म्हटलं, "दादा, पुढे जागा आहे." ते म्हणाले, "नको. पुढं जानकार बसू देत."

रंजनाने आधी जौनपुरी घेतला. विलंबित फार सुरेख झालं. पुढच्या रांगांत माना नकारार्थी हलायला लागल्या, म्हणजे पसंत. मग द्रुत सुरू झालं, लय चढली आणि मागच्या चार रांगांनी घरच्या सवयीने ठेका धरला. चाळीस माणसांच्या टाळ्या, सभागृहाच्या मागच्या टोकाकडून. गंमत अशी की, आवाज मागून पुढे पोचायला क्षणभर वेळ लागतो. त्यामुळे स्टेजवर त्या टाळ्या मात्रेच्या किंचित मागे पडत होत्या. तबलजीच्या कपाळावर आठ्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे वळून बघायला लागल्या. रंजनाने मोठ्या ताना घेतल्याच नाहीत, द्रुत आवरतं घेतलं.

दामले सर बाजूच्या वाटेने माझ्याकडे आले. वाकून कानाशी म्हणाले, "त्यांना सांग. माइकवरून सांग, नाहीतर पुढचा राग वाया जाईल. मी बोललो तर अपमान वाटेल."

त्या सभागृहात दोन्हीकडची रीत माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. मी उठून चार पावलं पुढे जाऊन काशिनाथदादांच्या कानात सांगू शकत होतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण समोर माइक होता आणि माइकवाल्याला सगळं माइकवरून सांगायची खोड असते. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मागच्या रांगांतल्या मंडळींना नम्र विनंती. गाणं चालू असताना कृपया टाळ्या वाजवू नयेत. टाळ्या कधी वाजवायच्या ते आम्ही सांगू."

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. नुसतंच 'वाजवू नका' म्हणणं रुक्ष वाटलं, म्हणून जोडलं.

मागच्या चार रांगा एकदम गप्प झाल्या. बायकांनी हात पदराखाली घेतले. रंजनाने शुद्ध सारंग सुरू केला. बारा वाजत आले होते, वेळही सारंगाचीच. आता मला राग फारसे कळत नाहीत हे वर लिहिलंच आहे, पण ते गाणं चांगलं होतं हे कळायला काही लागत नव्हतं. पाऊण तास समोरचं एक डोकं हललं नाही. एकही हात मान खाजवायला गेला नाही. मी तिचा माइक दोनदा कमी केला.

गाणं संपलं. रंजनाने हात जोडले. मी नेमाप्रमाणे मान खाली घातली आणि एकेक बटण खाली आणलं. तबला, पेटी, तानपुरा, गळा. पुढच्या रांगांतून त्या तळव्यावर बोटं टेकवलेल्या टाळ्या ऐकू आल्या. चार-सहा. मग त्याही थांबल्या. दुसरा आवाज नाही.

मी वर बघितलं तर मागच्या चार रांगा वळून माझ्याकडे बघत होत्या. चाळीस चेहरे. मला वाटलं, ही माणसं मला आता काही बोलणार. आपण यांना चारचौघांत हिणवलं, त्याचा हा राग. मी पुन्हा मान खाली घातली आणि आधीच गुंडाळून ठेवलेली एक केबल सोडून पुन्हा गुंडाळायला लागलो. तेवढ्यात दामले सर स्टेजवर गेले आणि त्यांनी चहाची सूचना दिली. जाताना काशिनाथदादांनी टेबलापाशी थांबून मला नमस्कार केला. तो मला टोमण्यासारखा लागला.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. मी त्याच हॉलमध्ये एक बिघडलेला स्पीकर उतरवत होतो, म्हणून सगळं कानावर आलं. दामले सर म्हणाले, "गाणं उत्तम. त्याबद्दल वाद नाही. पण प्रतिसाद? पहिल्या रागाला गोंधळ, दुसऱ्याला शुकशुकाट. तिच्याच गावची माणसं रुसून बसली. उद्या क्लास तिच्याकडे दिला आणि असंच मानापमान सुरू झालं तर?" सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मीही तेच सांगितलं असतं की रुसले होते.

क्लास पनवेलच्या गृहस्थांकडे गेला. ते दोन वर्षं आले. मग पावसात येणं जमेना, मग थंडीतही जमेना. आता त्या खोलीत मंडळाच्या खुर्च्या ठेवतात.

रंजनाने रेकॉर्डिंग मागितलं होतं. मी पेनड्राइव्हवर घालून तिच्याकडे पोचवलं. त्यानंतर ती कुठल्या बैठकीला बसली नाही. लग्न होऊन रोह्याजवळच्या निडीला गेली. नवरा धाटावला कंपनीत. ती तिथल्या बायकांना आणि मुलांना भजनं शिकवते असं ऐकत होतो. मंडळाने मधे एकदा गाण्यासाठी विचारलं, तेव्हा तिने नाही म्हणून कळवलं. कारण कळवलं नाही. आम्ही मनाशी धरून चाललो की राग अजून गेलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला एकाच दिवशी दोन कामं आली. निडीचं काम लहान होतं, चार माइक आणि दोन स्पीकर. म्हणाला, "मामा, तुम्ही जाऊन बसाल का?" कोणाचा कार्यक्रम हे त्याने सांगितलं, तरी मी हो म्हटलं. दुपारी स्टेशनजवळच्या तिच्या घरी पोचलो. अंगणात मांडव, संध्याकाळी मुलांची भजनं. रंजनाने मला ओळखलं. नीट बोलली, "या दादा" म्हणाली, चहा टाकायला आत गेली. नऊ वर्षांत केस पुढून थोडे पांढरे झाले होते.

ओटीवर काशिनाथदादा बसले होते. लेकीकडे कार्यक्रमाला आलेले. मी स्पीकर लावत होतो ते बघत होते. मग म्हणाले, "साउंडवाले, आज टाल्या कवा वाजवायच्या ते आधीच सांगून ठेवा."

मी हसलो. "वाजवा की केव्हाही. आज कोण अडवतंय?"

"तसं नको. पेनला तुमी सांगतो बोललात न् सांगितलंतच नाय. आमी आपली वाट बगत रायलो."

मी हातातला स्टँड खाली ठेवला. "कसली वाट, दादा?"

"कसली म्हंजे? तुमी माइकवर बोललात ना, टाल्या कवा वाजवायच्या ते आमी सांगू. मी सगल्यांना बजावलं व्हतं, हात आवरा, पोरीच्या गान्याचा सवाल हाय. गानं सरलं. आमी सगली वलून तुमच्याकडं बगतो, आता सांगल, मंग सांगल. तुमी खाली मान घालून वायर गुंडालत व्हता. मंग ते सर चहाचं बोलले. संपलं."

"पण पुढच्या रांगा वाजवत होत्या की."

"ती पुढची मानसं. तुमी मागच्यांना येगलं सांगितलं व्हतं." मग म्हणाले, "आमाला तिथली रीत ठावूक नाय. म्हटलं, नसंल वाजवायची. निघताना तुमाला हात जोडले, म्हटलं मानसानं येवडं सांभालून घेतलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एसटी चुकल्याचं सांगावं तसं सांगत होते. मला लाज वाटली, नऊ वर्षांची एकदम. चाळीस माणसं माझ्या शब्दाला धरून हात मांडीवर ठेवून बसली होती आणि मी त्यांना रुसलेली समजून वर सहानुभूती दाखवत फिरत होतो.

रंजना कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी सगली मागं वललात, ते मला स्टेजवरनं दिसलं व्हतं."

"दिसनारच. चालीस मानसं वलली."

"का वललात ते कंदी बोलला नाय तुमी?"

"तू कंदी इचारलंस? तू तर त्या दिसाचं नावच काढत नव्हतीस. आमाला वाटलं, टाल्या वाजवून तुझी मान खाली घातली, म्हनून राग हाय."

तिने कप ओटीवर ठेवले आणि माझ्याकडे वळली. माझ्याशी ती पेणच्या क्लासमधल्यासारखं बोलली. "ते रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल, दादा. कुठे सूर हलला, कुठे लय सुटली, ते शोधत होते. सापडेचना. मग वाटायला लागलं की ज्या बाईला स्वतःची चूक ऐकू येत नाही, तिने दुसऱ्याला काय शिकवायचं. म्हणून ख्याल सोडला."

"आणि त्यात माझी ती माइकवरची विनंती होती, ती?"

"ती मी दर वेळी वगळून पुढे जायचे. प्रत्यक्षात ऐकलं तेवढं पुरे झालं होतं."

मी म्हणालो, "तुझं कुठेच चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं. सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही." हे वाक्य मी माइकशिवाय बोललो, आणि ते फार बारीक आलं.

रंजनाने मान हलवली. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती वडिलांकडे बघत होती.

"तुमच्या मागं दार व्हतं, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी दाराकडं बगताव. कवा येकदा सुटतोय असं झालंय तुमाला."

काशिनाथदादांनी कप हातात घेतला, फुंकर घातली आणि परत खाली ठेवला.

"दाराकडं कशाला बगू गो?" ते म्हणाले. "आमी तर म्हनत व्हतो, येकदा टाल्या वाजवू दिल्या का तू आनखी येक गाशील."